क्वांटम संशोधक व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

तू बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, पुढे क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये संशोधन करायचंय, आणि आधी फिजिक्स पक्कं करावं की कोडिंग शिकावं असं विचारलंयस. मी म्हणेन, आधी लिनिअर अल्जेब्रा, तेही कागद-पेन घेऊन.

क्युबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधला माहितीचा सर्वात छोटा घटक; त्याची अवस्था म्हणजे व्हेक्टर आणि ती बदलणारी क्रिया, म्हणजे गेट, ही मॅट्रिक्स. दोन क्युबिटना चार संख्या पुरतात, दहांना 1024 लागतात. हॅडमार्ड आणि सीनॉट ही दोन गेटं लावली की दोन क्युबिट एकमेकांत कसे गुंततात, ते हाताने गुणाकार करून काढ. मग गेटांची तीच मालिका, म्हणजे सर्किट, पायथनमध्ये किस्किट ही क्वांटम प्रोग्रॅमिंगची लायब्ररी वापरून लिही. आयबीएमने 2016 पासून खरी क्वांटम यंत्रं इंटरनेटवरून वापरायला दिली आहेत. आधी सिम्युलेटरवर, म्हणजे साध्या संगणकावरच्या नकली क्वांटम यंत्रावर, चालव: 00 आणि 11 एवढेच निकाल येतील. खऱ्या यंत्रावर मात्र मधूनमधून 01 आणि 10 सुद्धा दिसतील. या चुका कुठून आल्या, असा प्रश्न तुला स्वस्थ बसू देईना, तर हे क्षेत्र तुझं आहे. कारण आज संशोधकांचा कितीतरी वेळ याच चुकांमागे जातो.

हार्डवेअरवाले सुपरकंडक्टिंग चिप निरपेक्ष शून्याच्या जेमतेम शतांश केल्व्हिन वर थंड करतात आणि नॉइज, म्हणजे क्युबिट बिघडवणारा गोंगाट, कुठून येतोय हे महिनोन्‌महिने शोधतात. थिअरीवाले अल्गोरिदम आणि चुका दुरुस्त करणारे कोड रचतात. 1994 मध्ये मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याचा अल्गोरिदम देणाऱ्या पीटर शोरनेच पुढच्या वर्षी असा पहिला कोडही मांडला. दोन्हींपैकी काय आवडतं, हे एखाद्या प्रोजेक्टवर काम केल्याशिवाय कळत नाही, म्हणून आत्ताच निवडायची घाई नको.

पीएच.डी. जवळपास अटळ आहे. त्यात चार-सहा वर्षं जातात, आणि कंपन्यांच्या घोषणा वाचून हा निर्णय घेऊ नकोस असं मी कळकळीने सांगतो. 2025 चं भौतिकशास्त्राचं नोबेल क्लार्क, देव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळालं, ते 1984-85 मधल्या प्रयोगांसाठी. सुपरकंडक्टिंग क्युबिटचा पाया तिथला. इतक्या संथ गतीचं काम मनापासून आवडायला हवं. दरम्यान शिकलेली मायक्रोवेव्ह इलेक्ट्रॉनिक्स, अतिशीत तंत्रज्ञान, संख्यात्मक गणित ही कौशल्यं इतर क्षेत्रांतही चालतात, त्यामुळे पुढे वाट बदलावी लागली तरी ती वर्षं फुकट जाणार नाहीत.

सुट्टीतल्या प्रोजेक्टसाठी प्राध्यापकांना मेल करशील तेव्हा 'मला क्वांटमची आवड आहे' एवढंच लिहू नकोस. त्या सर्किटच्या सिम्युलेटरवरच्या आणि खऱ्या यंत्रावरच्या निकालांचे आलेख जोड आणि फरक का पडला असावा, याबद्दल तुझा अंदाज चार ओळींत लिही.