रोमला पुन्हा जाताय आणि हातात एकच दिवस आहे?

कोलोसियम आणि व्हॅटिकन या वेळी सोडाच. दोन्ही मागच्या खेपेला झालंय आणि रांगेत अर्धा दिवस जातो. सामान तेर्मिनी स्थानकावर ठेवा आणि सकाळी दार उघडताच पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर गाठा. आता तिथे तिकीट लागतं, पण आत निवांत बसा. घुमटाच्या मधोमध उघडा गोल आहे, त्यातून आलेलं ऊन भिंतीवरून सरकत जातं. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा, ४३ मीटर व्यासाचा हा काँक्रीटचा घुमट, आणि त्यात एकही सळई नाही! मला तरी तो दरवेळी नवाच वाटतो.

तिथून पाच मिनिटांवर सान लुईजी देई फ्रांचेझी चर्च. काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं तिथे फुकट पाहता येतात. दुपारी चर्च बंद होतं, म्हणून बाराच्या आत जा. चित्रांवरचा दिवा लावायला सुटी नाणी जवळ असू द्या.

मग घाई नको. पायीच तिबर नदी ओलांडून त्रास्तेवेरेच्या गल्ल्यांत जेवा, बाटली रस्त्यावरच्या नळांवर भरा, पाणी चांगलं असतं. उन्हं कलली की जानिकोलो टेकडी चढा, सगळं शहर समोर दिसतं. रात्रीचं विमान फ्युमिचिनोहून असेल तर तेर्मिनीहून लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत पोहोचवते.