कृमीच्या लॅबमध्ये पीएचडीला निघताना

सी. एलेगन्स या कृमीवर काम करणाऱ्या परदेशी लॅबमध्ये तुम्हाला पीएचडीची जागा मिळाली आहे, विषय पेशींच्या संदेशवहनातल्या प्रथिनांच्या परस्परक्रिया, हाताशी चार महिने. तर काय शिकून येऊ, असं तुम्ही विचारलंत. मी याच कामासाठी नऊ वर्षांपूर्वी देश सोडला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमची बायोकेमिस्ट्री पुरेशी आहे, जेनेटिक्स पक्कं करून या. अमुक प्रथिन तमुकाला चिकटतं हे यीस्ट टू-हायब्रिडमध्ये, म्हणजे दोन्ही प्रथिनं यीस्टच्या पेशीत घालून ती जुळतात का हे पाहण्याच्या चाचणीत, दिसतं. पण ती जोडी जिवंत प्राण्यात, एकाच पेशीत, एकाच वेळी जमते का, हे कृमीलाच विचारावं लागतं. माझं पहिलं दीड वर्ष अशा एका जोडीमागे गेलं. यीस्टमध्ये ती दर वेळी दिसायची. शेवटी दोघांना फ्लोरोसंट टॅग, म्हणजे चमकणारी खूण, लावले, तर एक आतड्यात आणि दुसरं चेतापेशींत. त्यांची कधी गाठच पडत नव्हती. टॅग आधी लावा, एवढं माझं ऐका.

वाचायला व्हल्वाची, म्हणजे कृमीच्या अंडी बाहेर टाकायच्या छिद्राची, घडण घ्या, याहून चांगला धडा मला माहीत नाही. अँकर सेल ही एकच पेशी लिन-३ हा संदेश सोडते आणि शेजारच्या पेशींवरचा लेट-२३ हा रिसेप्टर तो झेलतो. त्यासाठी तो पेशीच्या अँकर सेलकडच्या बाजूलाच असावा लागतो. लिन-२, लिन-७ आणि लिन-१० ही प्रथिनं मिळून त्याला तिथे ठेवतात. त्यातलं लिन-७ रिसेप्टरची शेपटी, म्हणजे त्याचं पेशीच्या आतलं टोक, धरतं. एका म्युटंटमध्ये या शेपटीची फक्त शेवटची सहा अमिनो आम्लं गेलेली आहेत. रिसेप्टर बाकी शाबूत, पण लिन-७ ची पकड सुटते आणि बहुतेक कृमींत व्हल्वा बनतच नाही. अंडी आईच्या पोटातच फुटतात. पारदर्शक कातडीआड वळवळणारी ती पिल्लं पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझी नजर आयपीसवरून हलेना. आता याच्या जोडीला पुढच्या टप्प्यावरचं, कायम चालू राहणारं लेट-६०, म्हणजे संदेश पेशीत पुढे नेणारं रास हे प्रथिन, घाला: व्हल्वा एकाऐवजी अनेक होतात. म्हणजे रास रिसेप्टरच्या नंतर येतं. असा क्रम लावता येणं हेच तुमचं खरं हत्यार.

हातांचं काम इथे आल्यावर शिकाल. प्लॅटिनमच्या तारेचं चपटं टोक जिवाणूंच्या थरात बुडवायचं आणि मिलिमीटरभर कृमी त्याला अलगद चिकटवून उचलायचा. कृमी ज्यावर वाढतात त्या अगारच्या जेलीला भोक पडलं की कृमी आत शिरतात आणि हाती लागत नाहीत. पहिले दोन आठवडे हात थरथरेल, तो बसतो. २० अंशांना पिढी साधारण साडेतीन दिवसांत पुरी होते, त्यामुळे सुट्टीचे दिवस कृमी ठरवतात. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

कृमींचे स्ट्रेन, म्हणजे ठरावीक जनुकांचे वाण, सामानात आणू नका. मिनेसोटाच्या कृमी-संग्रह केंद्रातून लॅब ते मागवते. निघण्याआधी गाईडना एवढंच विचारा: तुमच्या प्रथिनांचे टॅग लावलेले स्ट्रेन फ्रीझरमध्ये आहेत, की ते क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने तुम्हालाच बनवायचे आहेत? बनवायचे असतील तर पहिलं काम तेच घ्या.