यती आहे की नाही ते नंतर बघू, आधी ते केस कुठे ठेवलेत ते सांगा

मागच्या अंकात नेसीवर, म्हणजे स्कॉटलंडच्या लॉक नेस तळ्यातल्या त्या कथित राक्षसावर, एक छोटी चौकट काय छापली, पत्रं आणि मेसेज थांबायलाच तयार नाहीत. निम्म्या लोकांचं म्हणणं आम्ही अंधश्रद्धा पसरवतोय आणि उरलेल्यांचं म्हणणं आम्ही मजा घालवतोय, म्हणजे काम बरं चाललंय असं समजायला हरकत नाही. निवडक प्रश्न घेतोय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न: चौकटीत तुम्ही लिहिलंत की मान वर काढलेला नेसीचा तो प्रसिद्ध फोटो बनावट होता. मग साठ वर्षं कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? आणि शेवटी पकडलं कोणी?

पकडलं कोणी हाच खरा मजेशीर भाग आहे, पण आधी थोडं मागे जाऊ. 1933 मध्ये स्कॉटलंडच्या लॉक नेसमध्ये काहीतरी प्रचंड दिसल्याच्या बातम्या यायला लागल्या, तेव्हा डेली मेल या ब्रिटिश वर्तमानपत्राने मार्माड्यूक वेदरेल नावाच्या शिकाऱ्याला तिकडे पाठवलं. या बाबाला डिसेंबरमध्ये काठावर भलीमोठी पावलं सापडली सुद्धा! साचे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे गेले आणि तिथल्या लोकांनी सांगितलं की हा पाणघोडा आहे, आणि त्यातही सगळे ठसे एकाच पायाचे आहेत. म्हणजे कोणीतरी पाणघोड्याचा वाळवलेला पाय घेऊन (त्या काळी असल्या पायांचे छत्र्या ठेवायचे स्टँड करायचे लोक) तो ठप ठप ठप चिखलात उमटवत गेलं होतं. वेदरेलची सगळीकडे शोभा झाली.

मग त्याने उट्टं काढायचं ठरवलं. सावत्र मुलगा ख्रिश्चन स्पर्लिंग मॉडेल बनवण्यात हुशार होता, त्याने एक खेळण्यातली पाणबुडी घेतली, तिच्यावर लाकडाच्या लगद्यासारख्या पुट्टीची मान आणि डोकं बसवलं, ते पाण्यात सोडून फोटो काढले आणि ते फोटो लंडनच्या एका प्रतिष्ठित डॉक्टरच्या हाती दिले. डॉक्टर खोटं कशाला बोलेल असं सगळ्यांना वाटणार हे त्यांना पक्कं माहीत होतं. 21 एप्रिल 1934 ला फोटो छापून आला, पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

आता लक्षात का आलं नाही, तर फोटो कापून छापला होता. आपण सगळे जो बघतो त्यात मान चौकटभर पसरलेली असते. मूळ फोटोत आजूबाजूचं भरपूर पाणी दिसतं, आणि त्या पाण्यावरचे तरंग त्या मानेच्या मानाने इतके मोठे दिसतात की वस्तू खेळण्याएवढी असावी हे कोणीही सांगेल. बादलीत कागदाची होडी सोडून जवळून फोटो काढून बघा, तसंच दिसेल. आणि खरं सांगायचं तर 1975 मध्येच वेदरेलच्या मुलाने एका वर्तमानपत्रात कबुली दिली होती, पण कोणी ढुंकून बघितलं नाही.

ते जुनं कात्रण शोधून काढून नव्वदीच्या स्पर्लिंगपर्यंत पोचले दोन लोक, डेव्हिड मार्टिन आणि अ‍ॅलिस्टर बॉइड, आणि 1994 मध्ये सगळं जाहीर झालं. आता गंमत ऐका. हा बॉइड काही नास्तिक वगैरे नव्हता, त्याने स्वतः 1979 मध्ये त्या तळ्यात एक मोठा प्राणी पाहिल्याचं तो ठामपणे सांगायचा, आणि फोटो खोटा निघाल्यावरही त्याचं म्हणणं तसूभर बदललं नाही. ज्याला नेसी हवी होती त्यानेच नेसीचा सगळ्यात मोठा पुरावा निकालात काढला. मला या विषयात जी माणसं आवडतात ती ही अशी.

प्रश्न: एवढं सगळं आहे तर सरळ तळं तपासून का टाकत नाहीत?

तपासलंय की हो. एकदा नाही, अनेकदा. 1987 च्या ऑक्टोबरमध्ये वीसेक बोटी एका रांगेत लावून सोनार यंत्रांनी (आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्यातल्या वस्तू शोधणाऱ्या) तळं विंचरून काढलं, खोलवर दोन-तीन प्रतिध्वनी आले ज्यांचा नीट उलगडा झाला नाही, पण राक्षस म्हणावा असं काही नाही. ही मोहीम चालवणारे एड्रियन शाइन सत्तरच्या दशकात अक्राळविक्राळ काहीतरी शोधायलाच आले होते, आणि मग आयुष्यभर तिथेच राहून लोकांना समजावत बसले की बोट निघून गेल्यावर बऱ्याच वेळाने तिच्या लाटा शांत पाण्यावर येतात आणि त्या काळ्या कुबडांच्या रांगेसारख्या दिसतात. बोट तर तोवर दिसेनाशी झालेली असते, मग माणूस काय समजणार?

2018 मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाचे नील गेमेल यांनी तळ्यातून वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या खोलीवरचे सुमारे 250 नमुने घेतले. प्राणी पाण्यात वावरला की त्याची त्वचा, विष्ठा, श्लेष्मा असं काहीबाही पाण्यात सुटतं आणि त्यातला डीएनए वाचता येतो. पुढच्या वर्षी निकाल आला, सरपटणाऱ्या प्राण्याचा डीएनए शून्य. सापासारख्या लांबट ईल माशाचा मात्र जवळपास सगळीकडे. लगेच बातम्या झळकल्या की नेसी म्हणजे महाकाय ईल! डीएनए ईलचा आहे एवढंच सांगतो, केवढा ईल ते सांगत नाही, हे मथळ्यात कोण लिहिणार.

प्रश्न: 2019 मध्ये आपल्या लष्कराने यतीच्या (हिममानवाच्या) पावलांचे फोटो टाकले होते. लष्कर पण खोटं बोलतं का?

खोटं कोण म्हणतंय? नेपाळमधल्या मकालू शिखराच्या बेस कॅम्पजवळ 32 बाय 15 इंचाचे ठसे दिसले, त्यांनी फोटो काढले. ठसे खरेच होते, प्रश्न नाव देण्यात आहे. अस्वल चालताना त्याचं मागचं पाऊल बऱ्याचदा पुढच्या पावलाच्या ठशावर अर्धवट पडतं, दोन मिळून एक लांबडा, माणसासारखा ठसा तयार होतो. त्यात ऊन लागलं की बर्फाच्या कडा वितळतात आणि ठसा पसरतो, सकाळी एका मापाचा असतो आणि दुपारी भलताच. 2017 मध्ये शार्लट लिंडक्विस्ट यांच्या टीमने यतीचे म्हणून जपलेले नऊ नमुने तपासले होते, हाडं, दात, कातडं, केस, विष्ठा असे. आठ अस्वलांचे निघाले आणि एक कुत्र्याचा. या उद्योगात हिमालयातल्या अस्वलांबद्दल मात्र बरीच नवी माहिती हाती लागली, तिची बातमी काही झाली नाही.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. असले प्राणी शोधणारी मंडळी मला रिकामटेकडी वाटतात. यांना शास्त्रज्ञ म्हणायचं का?

सर, तुमच्या पत्राचा सूर बघून आधी वाटलं हो म्हणून मोकळं व्हावं, पण नाही, तितकं सोपं नाहीये. ओकापीचं घ्या. कांगोच्या जंगलातले लोक हा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते, युरोपियन लोकांना मात्र ती ऐकीव गोष्ट वाटायची. हॅरी जॉन्स्टन नावाचा इंग्रज अधिकारी त्याच्या मागावर गेला, स्थानिक लोकांकडून पट्टेदार कातडीचे तुकडे मिळवले, ते बघून लंडनवाल्यांनी हा जंगली घोडा असणार असं ठरवून टाकलं. आणि जॉन्स्टनला वाटाड्यांनी प्रत्यक्ष जमिनीवरचे ठसे दाखवले तर याने मानलंच नाही, कारण याला घोड्याचा अखंड खूर हवा होता आणि समोर ठसे दुभंगलेल्या खुरांचे! मग 1901 मध्ये कवटी आली आणि कळलं की हा तर जिराफाचा भाऊबंद. ठसे बरोबर होते, डोक्यातला घोडा चुकीचा होता.

असे ऐकीव प्राणी शोधण्याच्या विद्येला क्रिप्टोझूऑलॉजी म्हणतात आणि तिचे जनक मानले जाणारे बेर्नार हूवेलमान्स हे प्राणिशास्त्रात डॉक्टरेट केलेले गृहस्थ होते. 1960-61 मध्ये एडमंड हिलरी यांनी नेपाळमधल्या खुमजुंगच्या गोंपातली (बौद्ध मठातली) यतीची म्हणून जपलेली डोक्याची केसाळ कातडी गावातल्या एका मानकऱ्यासह शिकागो, पॅरिस, लंडन अशी फिरवून आणली, तेव्हा पॅरिसमध्ये याच हूवेलमान्सनी ती सेरो नावाच्या डोंगरी, बकरीसारख्या प्राण्याच्या कातड्याची आहे असं ओळखलं. शाबास म्हणावं तर याच माणसाने आठ वर्षांनी अमेरिकेत जत्रेत दाखवत फिरवलेला, बर्फाच्या लादीतला एक केसाळ मानव बघितला आणि त्याला चक्क नवीन शास्त्रीय नाव बहाल केलं. लादी फोडून बघायला मालकाने कधीच दिली नाही. तिथेच शंका यायला हवी होती ना? आता याच माणसाला शास्त्रज्ञ म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, मी त्याला पहिल्या वेळी शंभर मार्क दिले असते आणि दुसऱ्या वेळी वर्गाबाहेर उभं केलं असतं.

प्रश्न: तुमचा स्वतःचा बिगफूटवर, म्हणजे अमेरिकेतल्या त्या केसाळ वानरमानवावर, विश्वास आहे का? हो की नाही एवढंच सांगा.

नाही. पण केस सापडले तर आधी मला फोन करा.

प्रश्न: मी मोबाइलवर रात्री एक प्राणी शूट केलाय, डोळे चमकतायत, कुत्र्यापेक्षा नक्की मोठा आहे. सगळे हसतायत. आता काय करू?

व्हिडिओ बघितला. अकरा सेकंद, त्यातले चार तुमचा अंगठा. डोळे चमकण्यात विशेष काही नाही, रात्री फिरणाऱ्या बहुतेक प्राण्यांच्या डोळ्यांत मागे एक परावर्तन करणारा थर असतो. मोठा आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? अंधारात शेजारी मापाला काहीच नसलं की जवळचं मांजर आणि लांबचा बिबट्या सारखेच दिसतात, हा दोष तुमच्या डोळ्यांचा नाही, सगळ्यांचंच असं होतं. तर उद्या दिवसा तिथे परत जा, व्हिडिओ काढताना जिथे उभे होतात बरोबर तिथेच उभे राहा, झूम तेवढाच ठेवा, आणि कोणाला तरी मीटरभर काठी घेऊन प्राणी होता त्या जागी उभं करा. मग दोन्ही चित्रं एकावर एक ठेवून बघा. भले भले राक्षस या काठीने आडवे केलेत. आणि पाठवायचं तर मूळ फाइल पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाचदा फिरलेली नको, त्यात तपशिलाचा पार चोथा होतो. मला मांजर वाटतंय, चिडू नका, काठी लावा आणि मला खोटं पाडा.

प्रश्न: खोडून काढणाऱ्या लोकांना आनंद कशात मिळतो? दुसऱ्याचा विरस करण्यात?

काहींना मिळत असेल, घरबसल्या हॅ करून मोकळे होणारे मलाही आवडत नाहीत. पण बेंजामिन रॅडफर्डसारखा माणूस घ्या. बकऱ्यांचं रक्त पिणारा चुपाकाब्रा पोर्तो रिकोत 1995 मध्ये गाजला, याने त्या एका दंतकथेवर पाच वर्षं घालवली. जिच्या वर्णनावरून पाठीवर काटे असलेला तो चुपाकाब्रा जगभर पोचला, त्या साक्षीदार बाईंना भेटला, आणि लक्षात आलं की वर्णन त्याच सुमाराला आलेल्या एका हॉलिवूडपटातल्या प्राण्याशी तंतोतंत जुळतंय आणि बाईंनी तो सिनेमा पाहिलेला होता. त्या खोटं बोलत नव्हत्या, आठवणीत सिनेमा मिसळला एवढंच. नंतर टेक्सासमध्ये चुपाकाब्रा म्हणून जी मढी सापडत गेली ती खरजेने केस गळलेल्या कोयोटींची (अमेरिकेतल्या कोल्ह्यासारख्या रानकुत्र्यांची) वगैरे निघाली. पाच वर्षं एखाद्या गोष्टीच्या मागे लागायला तिच्यावर जीव असावा लागतो हो.

प्रश्न: काका, मी आठवीत आहे. मला मोठेपणी क्रिप्टोझूऑलॉजिस्ट व्हायचंय. घरी सगळे म्हणतात आता सगळे प्राणी शोधून झालेत. माझ्याकडे पिसं आणि केसांचा एक डबा पण आहे.

शोधून झालेत म्हणणाऱ्यांना साओला नावाच्या प्राण्याबद्दल विचार. 1992 मध्ये व्हिएतनामच्या वू क्वांग जंगलात गेलेल्या शास्त्रज्ञांना शिकाऱ्यांच्या घरात लांब सरळ शिंगं दिसली, कोणत्याच माहीत असलेल्या प्राण्याशी न जुळणारी. खांद्यापाशी नव्वदेक सेंटिमीटर उंचीचा आख्खा प्राणी, आणि शास्त्राला पत्ता नाही! शिकाऱ्यांना अर्थातच होता. आजवर एकाही शास्त्रज्ञाने तो जंगलात जिवंत बघितलेला नाही, कॅमेरा ट्रॅपचे (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याचे) मोजके फोटो आहेत तेवढेच. तसंच सीलाकँथ मासा, डायनासोरांबरोबर संपला म्हणून पुस्तकात लिहिलेलं असताना 1938 च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत मार्जरी कोर्टनी-लॅटिमर या म्युझियममधल्या बाईंना मासेमारीच्या बोटीवरच्या ढिगाऱ्यात एक निळसर पंख दिसला आणि त्यांनी ढीग उपसला. पुढचा नमुना मिळायला चौदा वर्षं लागली, तो कोमोरो बेटांजवळ, आणि तिथले कोळी म्हणाले, हा ना, हा तर आम्हाला अधूनमधून गळाला लागतो.

तेव्हा प्राणिशास्त्र शिक, आणि जंगलात राहणाऱ्या माणसांशी बोलायला शिक, दुसरं पुस्तकात मिळत नाही. आणि तो डबा आत्ताच उघड. सगळे केस एकत्र ठेवलेस ना? वेगळे कर, हात न लावता, स्वच्छ चिमट्याने. प्रत्येकाला वेगळं कागदी पाकीट, प्लॅस्टिक नको, दमट असेल तर बुरशी धरते. पाकिटावर तारीख, वेळ, जागा आणि कुठे अडकलेला होता ते लिही, कुंपणाची तार का झाडाची साल. जे आठवत नसेल तिथे नुसतं आठवत नाही असं लिही, अंदाजाने काही भरू नकोस.