मुलाच्या जठराला सूज आहे आणि डॉक्टर ‘न्यूरोपेप्टाइड’ म्हणाले. म्हणजे हे सारे टेन्शनमुळे आहे का?

आपण लिहिले आहे की, नऊ वर्षांच्या मुलाच्या जठराला दुर्बिणीच्या तपासणीत सूज आढळली आणि डॉक्टरांनी ‘न्यूरोपेप्टाइड’ हा शब्द उच्चारल्यापासून घरची मंडळी ‘पोरगं टेन्शन घेतंय, दुसरं काही नाही’ असे म्हणू लागली आहेत. निपाणी भागात मी बरीच वर्षे लहान मुलांवर उपचार करतो आहे. घरच्यांचा हा निष्कर्ष मला मान्य नाही.

न्यूरोपेप्टाइड हे मज्जातंतूंच्या टोकांतून स्रवणारे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीचे पदार्थ होत. त्यांतील ‘सबस्टन्स पी’ १९३१ साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यातच सापडला. त्याची करणी पाहायची असेल तर वर्षाच्या चटणीसाठी संकेश्वरी मिरच्यांचे देठ काढणारे हात पाहावेत. जखम नाही, जंतू नाही, तरी संध्याकाळपर्यंत बोटे लालबुंद होऊन भगभगतात, कारण मिरचीतील कॅप्सेसिन मज्जातंतूंना चाळवते आणि त्यांतून सबस्टन्स पी व सीजीआरपी हे दुसरे न्यूरोपेप्टाइड बाहेर पडून तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात. (मिरची बंद केली की जठराची सूज जाते, असा अर्थ मात्र यातून काढू नये.)

जठरात सुरुवात बहुधा दुसरेच कोणी करते, उदाहरणार्थ हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू. पण सबस्टन्स पी रक्तवाहिन्या पाझरत्या करतो, ‘मास्ट’ नावाच्या संरक्षक पेशींतून हिस्टमिन हे सूज आणणारे रसायन सोडवतो, ते हिस्टमिन पुन्हा मज्जातंतूंना डिवचते आणि सूज धुमसत राहते. मानसिक ताणाने हे चक्र वाढू शकते, एवढेच घरच्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. हे पदार्थ सरसकट वाईटही नव्हेत: सीजीआरपी जठराच्या अस्तराचा रक्तपुरवठा वाढवून त्याचे रक्षण करतो आणि व्हीआयपी नावाचे पेप्टाइड सूज आवरते.

सूज ओसरल्यावरही काही मुलांचे मज्जातंतू हुळहुळे राहतात. अहवाल चांगला आला तरी मूल बेंबीवर बोट ठेवून ‘इथं दुखतंय’ म्हणते, तेव्हा ते ढोंग करत नसते.

न्यूरोपेप्टाइडची रक्ततपासणी उपचारासाठी लागत नाही; जठराच्या अस्तराच्या तुकडा तपासणीत (बायोप्सीत) जंतू आढळला का, हे मात्र डॉक्टरांना अवश्य विचारावे. मूल रात्री दुखण्याने जागे होत असेल, वजन घटत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल, तर शाळेची परीक्षा संपण्याची वाट न पाहता त्याला बेळगावला बालपोटविकारतज्ज्ञांकडे न्यावे.