बाळाला मांडीवर घट्ट धरून पुढच्या सीटवर बसलं तर चालतं का?

नाही, अजिबात नाही. ताशी ५० किमी वेगाने जाणारी गाडी धडकून क्षणार्धात थांबली, तर १० किलोचं बाळ हातातून सुटताना १०० किलोहून जास्त वजनासारखा हिसका देतं. तेवढं कुणाच्याच हातांना पेलत नाही, आईच्याही नाही. शिवाय समोरची एअरबॅग ज्या जोराने उघडते, तो जोर बाळासाठी जीवघेणा असतो.

बाळाची सीट, म्हणजे गाडीत वेगळी बसवायची पट्ट्यांची छोटी खुर्ची, मागच्या सीटवरच बसवा, बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. धडकेच्या वेळी डोकं, मान आणि पाठ तिघांनाही एकदम आधार मिळतो. लहान बाळांचं डोकं जड, मान नाजूक, म्हणून हे महत्त्वाचं. पट्टे आवळल्यावर खांद्यापाशी चिमटीत धरून बघा. पट्टा चिमटीत आला तर तो सैल आहे. जाड स्वेटर आधी काढा, पट्टे लावून झाल्यावर वरून पांघरूण घाला.

आणि मागे बसणाऱ्या मोठ्यांनीही पट्टा लावायचाच! बिनपट्ट्याचा माणूस धडकेत पुढच्या सीटवर किंवा शेजारच्या बाळावर आदळतो. हे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

मागच्या दारांचं चाइल्ड लॉक तेवढं लावून ठेवा, म्हणजे दार आतून उघडत नाही.