१२ गुंठे की पटाया? मोजणीत पोळलेल्याचं उत्तर

तुम्ही लिहिलंय, मालवणजवळ देवबागच्या बाजूला १२ गुंठे बघितलेत, सातबारा कोरा आहे, समोर पाणी आहे, आणि दलाल म्हणतो, "मोजणी खरेदीखतानंतर करून देतो, शेजारी आपलाच माणूस आहे." गोव्याच्या मोपा विमानतळामुळे आता चिनी-कोरियन पर्यटक येणार, गुंतवणूकदार मागोमाग येणार, पाच वर्षांत भाव तिप्पट होणार, असंही तो सांगतो. आणि हे नको असेल तर तेवढ्याच पैशात थायलंडमधल्या पटायात कॉन्डो, म्हणजे इमारतीतला फ्लॅट, घ्यावा का, असा तुमचा प्रश्न.

चिनी-कोरियन वगैरे नंतर बघू. "मोजणी नंतर" हे दोन शब्द वाचले आणि रात्री झोप लागेना. म्हणून एवढं लांबण लावतोय.

शेतकरी दाखला, ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, पेपरात जाहीर नोटीस, बहिणींची हक्कसोडपत्रं हे तुम्हाला माहीत असणारच. मीही हे सगळं केलं होतं आणि तरीही बुडालो.

२०१८ मध्ये मालवण तालुक्यात खाडीकाठी १४ गुंठे घेतले. गावाचं नाव लिहीत नाही, अजून तिथेच जायचं-यायचं आहे. नऊ माड, दोन कलमं, चिऱ्याचा जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण. दलालाने हात लांब करून सांगितलं, "सायबानु, तो गडगो दिसता मां, थयपर्यंत सगळा तुमचाच." सातबारावर विकणाऱ्याचं नाव स्वच्छ, क्षेत्र १४ गुंठे. वकिलाने कागद बघून होकार दिला. खरेदीखत झालं, फेरफार झाला, पेढे वाटले.

सातबारा जमीन किती आहे ते सांगतो. ती कुठे आहे ते सांगत नाही. आपल्याकडे वाटण्या घरात झाल्या, सातबारे वेगळे झाले, पण पोटहिस्स्यांचा नकाशा कोणी केलाच नाही. कागदावर पाच हिस्से आणि नकाशावर एकच मोठा तुकडा, असं कोकणात ढिगाने सापडेल. माझा हिस्सा त्यातलाच. मी जो गडगा बघून पैसे मोजले, तो शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी गुरं येऊ नयेत म्हणून घातला होता, हद्द म्हणून नव्हे.

घर बांधायचं ठरल्यावर मोजणीचा अर्ज केला, अतितातडीची फी भरली. मग ते भूमी अभिलेख कार्यालय. नाव घेत नाही, कारण दोष एका माणसाचा नव्हता, सगळ्या खोलीचाच होता. पहिली तारीख गेली, कारण दोन सहहिस्सेदार मुंबईत आणि त्यांना नोटीस पोचली नाही. दुसऱ्या तारखेला भूकरमापक दुसऱ्या तालुक्यात. मग पावसाळा, पावसाळ्यात मोजणी होत नाही. मग फाइल सापडेना. मी डोंबिवलीहून रात्रीच्या गाडीने कुडाळला उतरायचो, साडेदहाला दारात उभा, आणि "साहेब आज फिरतीवर" ऐकून परत. तातडीच्या फीची पावती दाखवली तर तिथला एक गृहस्थ म्हणाला, "तातडी तुमची, आमची नाही." हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. एकूण दीड वर्ष गेलं, रजा किती गेल्या ते बायको अजून ऐकवते.

शेवटी मोजणी झाली आणि 'क' प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आली. माड, कलमं आणि पाण्याकडची बाजू विकणाऱ्याच्या चुलतघराच्या वहिवाटीत. माझे १४ गुंठे मागे कातळावर, आणि तिथे जायची पायवाट दुसऱ्याच्या हिश्श्यातून, कुठेही नोंद नसलेली. त्यातलाही पुढचा जो त्रिकोण, तो सीआरझेडमध्ये, म्हणजे किनाऱ्याच्या ज्या पट्ट्यात बांधकामावर बंधनं असतात त्यात. लोक समुद्राकाठचं अंतर विचारतात आणि खाडी विसरतात. २०११ च्या अधिसूचनेत खाडीकाठी १०० मीटर किंवा पात्राची रुंदी, यातलं जे कमी ते, असं होतं. २०१९ च्या अधिसूचनेने ते ५० मीटरवर आणलं, पण समुद्राच्या बाजूला कमी दाट वस्तीच्या गावांना २०० मीटर तसेच ठेवले. देवबागला एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये चिंचोळी पट्टी. तुमच्या १२ गुंठ्यांवर दोन्हीकडून रेघा मारून बघा. त्यात समुद्राची धूप वेगळीच.

(मी वकील नाही. नियम बदलतात, आणि तुमच्या गावाला कोणता आराखडा लागू आहे ते संबंधित कार्यालयातून लेखीच घ्या. तोंडी उत्तराला तिथे किंमत नसते.)

म्हणून माझं मत, कोणाला टोकाचं वाटलं तरी: साठेखत (विक्रीचा आधीचा करार) करा, टोकन कमीत कमी द्या, आणि मोजणी विकणाऱ्याच्या नावाने, त्याच्याच खर्चाने, खरेदीखताआधी करून घ्या. लगतचे सगळे हजर असताना खुणा दगडाने रोवा आणि फोटो काढा. रस्त्याची नोंद सातबाराच्या 'इतर हक्कां'त आली तरच रस्ता आहे असं समजा. यावर विकणारा कुरकुरला तर तुम्हाला उत्तर मिळालं. शेजारी 'आपला माणूस' असेल तर सही करायला त्याला हरकत काय?

आता चिनी-कोरियन. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून हे येणार-येणार मी ऐकतोय. आमचं चिपी विमानतळ २०२१ मध्ये सुरू झालं, मोपा २०२३ मध्ये. मोपाला उतरलेला परदेशी पाहुणा बहुतेक दक्षिणेला गोव्यातच वळतो, बांद्याकडे, म्हणजे सिंधुदुर्गात, नाही. आमच्याकडे खोल्या भरतात त्या कोल्हापूर, सांगली, बेळगाव, पुण्याच्या लोकांनी. त्यांना कोंबडी-वडे, गरम पाणी आणि गाडी लावायला जागा लागते. आणि जून ते ऑगस्ट किल्ल्याची होडी बंद, स्कूबा बंद, तेव्हा खोलीही बंद, हे हिशेबात धरा. गुंतवणुकीचं तर सरळच आहे: फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांनुसार चीन, हाँगकाँग, नेपाळ, श्रीलंका अशा देशांच्या नागरिकांना भारतात स्थावर घ्यायला रिझर्व्ह बँकेची आधी परवानगी लागते, आणि शेतजमीन तर आपल्या अनिवासी भारतीयालाही विकत घेता येत नाही. मग हा तिप्पट भाव देणार कोण?

गंमत अशी की पटायाचा एजंट नेमकं उलटं सांगतो: भारतीय येताहेत. ते खोटं नाही. २०२४ मध्ये २१ लाखांवर भारतीय थायलंडला गेले. पण चिन्यांच्या भरवशावर बांधलेल्या इमारतींचं काय झालं तेही बघा. २०१९ मध्ये जवळपास १ कोटी १० लाख चिनी आले होते, २०२४ मध्ये ६७ लाख. कॉन्डो स्वतःच्या नावावर होतो, जमीन होत नाही, आणि एका इमारतीत परदेशी लोकांना विक्रीयोग्य क्षेत्राच्या ४९ टक्केच. पैसा परकीय चलनात बाहेरून आल्याचा बँकेचा कागद नसेल तर त्या कोट्यात नोंदणी होत नाही. आणि 'रोजच्या भाड्याने लावा' म्हणणाऱ्याला विचारा, ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीने द्यायला हॉटेलचा परवाना आहे का? बहुतेक कॉन्डोंकडे नसतो. इकडून पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँक आधीच वसूल करते तो कर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो. विवरणपत्रात परदेशी मालमत्ता दाखवायला विसरलात तर १० लाखांचा दंड होऊ शकतो. माझ्या मावसभावाने हे सगळं सही झाल्यावर वाचलं. आमच्या घराण्यात ती प्रथाच असावी.

दोन्हीतलं निवडायचंच तर मी अजूनही कोकण म्हणेन, कारण भाषा कळते आणि भांडता येतं. पण माझं मत पूर्वग्रहदूषित आहे, तेवढं वजा करून घ्या. जाता जाता एक: होमस्टे काढलात तर पर्यटन विभागाची निवास-न्याहरी नोंदणी पहिल्या दिवशीच करा, नंतर धावपळ होते.

माझं अजून मिटलेलं नाही. चुलतघराशी अदलाबदलीचं बोलणं चालू आहे, थोरला तयार आहे, धाकटा मुंबईला फोन उचलत नाही. मे महिन्यात मी गावात असेन. तुमच्या जागेचा गाव नकाशा आणि फाळणीची (हिस्से पाडल्याच्या नकाशाची) नक्कल काढून आणा, दोघं चालत जाऊन बघू. दलालाला आणू नका.