सामान्यज्ञानातलं असं कोणतं उत्तर आहे, जे सगळे पाठ करतात पण ते अर्धवटच खरं आहे?

माझ्या लेखी पहिला मान हेलियमचा. 'हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला' हे वाक्य कोकणात शाळकरी मुलंही सांगतात, 18 ऑगस्ट आला की व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं आणि प्रश्नमंजुषेत त्याला बिनदिक्कत गुण मिळतात. प्रत्यक्षात इथे दोन वेगळ्या सूर्यग्रहणांची सरमिसळ झाली आहे.

पहिलं ग्रहण 18 ऑगस्ट 1868 चं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ पिअर जॅन्सन त्यासाठी आंध्रातल्या गुंटूरला येऊन राहिले होते. सूर्य पूर्ण झाकला गेल्यावर त्याच्या कडेने उसळणाऱ्या ज्वाळांचा प्रकाश त्यांनी वर्णपटदर्शकातून, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणाऱ्या उपकरणातून, पाहिला. त्या ज्वाळा तप्त वायूच्या, मुख्यतः हायड्रोजनच्या आहेत हे वर्णपटातल्या ठळक रेषांवरून कळलं, कारण प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगळ्या असतात. रेषा इतक्या झगझगीत होत्या की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असं त्यांच्या मनात आलं, आणि दुसऱ्याच दिवशी लख्ख उन्हात त्यांनी त्या पाहिल्यासुद्धा! मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात आवडतो.

त्याच ग्रहणात निरीक्षकांना एक पिवळी रेषाही दिसली होती. गॅसच्या ज्योतीत चिमूटभर मीठ पडलं की ज्योत पिवळीधमक होते, तो रंग सोडियमचा. सोडियमच्या दोन रेषा 589.0 आणि 589.6 नॅनोमीटर तरंगलांबीवर येतात, आणि सूर्यावरची ही रेषा होती 587.6 वर. इतक्या जवळ असल्याने बहुतेकांनी ती सोडियमचीच धरली.

आता इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर, ज्यांच्या नावावर विजयदुर्गचा हा शोध सांगितला जातो. ते तेव्हा भारतात नव्हतेच. 20 ऑक्टोबर 1868 ला त्यांनी इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, त्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. पिवळी रेषा सोडियमशी जुळत नाही हे त्यांनी ताडलं आणि ती एखाद्या अज्ञात मूलद्रव्याची असावी असं पुढे मांडलं. अनेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही. 1895 मध्ये रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांनी लंडनला युरेनियमच्या एका खनिजातून हा वायू मिळवला, तेव्हा कुठे वाद मिटला.

लॉकियर विजयदुर्गाला आले ते 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला. म्हणजे किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' ज्या साहेबाच्या नावाने ओळखले जातात, तो साहेब इथे आला तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडून 3 वर्षं झाली होती. यात विजयदुर्गाला कमीपणा येतो असं मला अजिबात वाटत नाही. हेलियमचं भाकीत करणारा माणूस पुढे एक ग्रहण पाहायला आपल्या किनाऱ्यावर आला, हा मान काही लहान नाही. किल्ल्यावर गेलात तर ओटे जरूर पाहा, फक्त मुलांना साल खरं सांगा.

दुसरं उत्तर सिनेमाचं. पहिला भारतीय चित्रपट म्हणून 3 मे 1913 चा दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आपण सांगतो. त्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, 18 मे 1912 ला, गिरगावातल्या त्याच कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब तोरण्यांचा 'श्री पुंडलिक' लागला होता. पण तो मुळात एका मराठी नाटकाचं चित्रण होता, कॅमेऱ्यामागे इंग्रज माणूस होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली होती. त्यामुळे पूर्ण लांबीच्या पहिल्या कथापटाचा मान फाळक्यांना देणं मला रास्त वाटतं, पण तोरण्यांचं नाव गाळणं नाही. प्रश्न काढणाऱ्यांनी 'पूर्ण लांबीचा' हे दोन शब्द घातले तर कुणावरच अन्याय होत नाही.

रेल्वेचंही तसंच. देशातली पहिली रेल्वे म्हणून आपण 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी सांगतो, पण ती पहिली प्रवासी गाडी. दगड वाहणारी रेल्वे मद्रासजवळ रेड हिल्सला 1837 मध्येच होती, आणि 1851 मध्ये रुरकीजवळ कालव्याच्या कामावर माती ओढायला वाफेचं इंजिनही आलं होतं.